मदत हवी आहे: १८८२ चा पोर्तुगीज रुपया, एयू ५८ घ्यावा की एमएस ६२?

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याचा. गोव्यातली पोर्तुगीज नाणी जमवतो, त्यातही मुख्यतः १८८१ पासून पुढची. दोम लुईश राजाचा १८८२ चा चांदीचा रुपया चांगल्या अवस्थेत मिळावा म्हणून बराच काळ शोधात होतो. आता मडगावच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे एकदम दोन आलेत. दोन्ही एकाच अमेरिकन ग्रेडिंग कंपनीच्या स्लॅबमध्ये (नाणं तपासून, ग्रेडचं लेबल लावून बंद केलेली प्लास्टिकची डबी), दोन्ही पोर्तुगालमधल्या जुन्या संग्रहातून आलेले. एकावर एयू ५८ (किंचित फिरलेलं), दुसऱ्यावर एमएस ६२ (न फिरलेलं) असा ग्रेड. पहिल्याचे साडेसात हजार सांगतो, दुसऱ्याचे पंधरा. घासाघीस केली तर हजार-पाचशे उतरतील, पण दुप्पट ते दुप्पटच राहणार.

दोन्ही भिंगाखाली निवांत पाहिले. ५८ वाल्याच्या गालावर आणि कानावरच्या केसांवर किंचित राखाडी छटा आहे, बाकी नाणं देखणं. चेहऱ्यापुढची मोकळी जागा स्वच्छ, 'इंडिया पोर्तुगेझा'ची अक्षरं धारदार, कडेने हलका सोनेरी-निळसर टोन, म्हणजे जुन्या चांदीवर आपोआप चढलेला रंग. ६२ वाल्याला झीज कुठेच नाही हे मान्य. पण ऐन गालावर दोन ठळक चरे, मोकळ्या जागेत बारीक टोचे पसरलेले, आणि चमक मंद. लेबलं झाकून घरच्यांना फोटो दाखवले तर सगळ्यांनी ५८ वरच बोट ठेवलं.

म्हणून विचारतो. १८७८ च्या पोर्तुगीज-इंग्रज तहानंतर आपल्याकडचे हे रुपये ब्रिटिश रुपयाच्याच वजनाचे पाडले गेले, ११.६६ ग्रॅम. चांदी चांगली, त्यामुळे घरोघरी साठवले गेले. पण साठवले म्हणजे जपले असं नव्हे. दर लक्ष्मीपूजनाला चिंच लावून घासले, कडी जोडून माळेत ओवले, अडीनडीला सोनाराकडे देऊन वितळवले. त्यामुळे कोरे रुपये कमी उरले आणि म्हणून महाग, इथवर समजतं. पण न घासलेला, मूळ रंग राखलेला ५८ सुद्धा सहज कुठे मिळतो? मग या चार आकड्यांना साडेसात हजार कशाचे? तेवढ्यात १९०३-०४ चा दोम कार्लुशचा रुपया बऱ्या अवस्थेत येईल. जाणकारांनी मार्गदर्शन करावं, ही विनंती. विकायचा विचार आज नाही, पण पैसे अगदीच बुडू नयेत असंही वाटतं.

जुनी टांकसाळ:

प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

५८ आणि ६२ ही एकाच शिडीची पुढची-मागची पायरी आहे असं आकड्यांवरून वाटतं, पण दोन्हीकडे मोजलं जातं वेगळंच. एयू म्हणजे नाणं व्यवहारात थोडं का होईना फिरलं, उंच भागावर झीज आली. एमएस म्हणजे फिरलंच नाही. मात्र न फिरलेलं नाणंही टांकसाळीतून थैल्यांत भरून, एकमेकांवर आपटतच बाहेर पडतं. ६० च्या पुढचे आकडे मुख्यतः त्या खुणा किती नि कुठे, चमक किती टिकली, ठसा किती उमटला यावर ठरतात. ६०, ६१, ६२ म्हणजे झीज नसलेली पण मार खाल्लेली नाणी. त्यामुळे चांगला ५८ हा ६२ पेक्षा देखणा असणं यात आश्चर्य काहीच नाही. अनुभवी संग्राहक मुद्दाम असे ५८ हेरून ठेवतात.

मग भाव दुप्पट का? कारण पुष्कळ ग्राहकांना यादीत 'यूएनसी', म्हणजे न फिरलेलं, असं हवं असतं, आणि ती वेस ६० ला आहे. वेशीच्या अलीकडचं नाणं कितीही गोरंगोमटं असलं तरी ते ग्राहक त्याकडे वळत नाहीत.

गंमत बघा, १ ते ७० ही मोजणी मुळात भावासाठीच निघाली. १९४९ मध्ये डॉ. विल्यम शेल्डन यांनी जुन्या अमेरिकन तांब्याच्या सेंटसाठी ती मांडली. कल्पना अशी की नाण्याच्या सर्वांत हलक्या अवस्थेची एक मूळ किंमत धरायची आणि तिला ग्रेडच्या आकड्याने गुणायचं. त्या हिशेबाने तुमचा ५८ साडेसात हजारांचा असेल तर ६२ आठ हजारांच्या आसपास यायला हवा! तो गुणाकार बाजाराने केव्हाच मोडला, आकडे तेवढे राहिले. १९८० च्या दशकात पीसीजीएस आणि एनजीसी या ग्रेडिंग कंपन्या आल्या, नाणी सीलबंद डबीत जाऊ लागली आणि एकेका आकड्याला स्वतःचा भाव फुटला.

हा भाव खरा कधी आणि फुगवलेला कधी, हे ओळखायला अमेरिकेचा चांदीचा मॉर्गन डॉलर बघा. सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा १८८४ चा डॉलर ३२ लाख पाडला. फिरलेल्या अवस्थेत तो सर्वसामान्य संग्राहकाला सहज परवडतो, पण एमएस ६५ ला लाखाच्या वर डॉलर मोजावे लागतात. त्याच टांकसाळीचा १८८१ चा मात्र ६५ मध्येही सहज मिळतो. कारण १८८१ च्या थैल्याच्या थैल्या सरकारी तिजोऱ्यांत पडून राहिल्या, आणि १८८४ चे लोकांच्या हातात जाऊन झिजले. म्हणजे वरच्या ग्रेडला भाव द्यायचा तो तिथे खरोखर नाणी उरली नसतील तर. नुसता आकडा मोठा म्हणून नव्हे.

तुमच्या बाबतीत माझं मत ५८ कडे. ६२ हा मधल्यामध्ये लोंबकळणारा ग्रेड आहे. डोळ्यांना सुख नाही आणि मोठ्या ग्रेडचा मानही नाही. कोराच रुपया हवा असेल तर थांबा, पैसे साठवा आणि चमकदार ६४ बघा.

मांडवीकाठ:

वरच्या प्रतिसादाशी बराचसा सहमत, पण एक बाजू राहिली. पोर्तुगीज भारताच्या नाण्यांना ग्राहक मोजके. गोवा, मुंबई, पोर्तुगाल आणि बाहेर स्थायिक झालेले काही गोयंकार. विकायची वेळ आली तर लिलावाच्या यादीत एमएस लिहिलेल्या नाण्यावर लांबचा माणूस न बघता बोली लावतो. ५८ चं देखणेपण मात्र प्रत्यक्ष पाहणाऱ्यालाच कळतं. तेव्हा ६२ अगदीच टाकाऊ समजू नका. अकरा हजारांपर्यंत आला तर मी विचार करीन. पंधराला नाही.

दुसरं, कंपनीच्या संकेतस्थळावर त्या ग्रेडची किती नाणी नोंदली आहेत ते व्यापारी दाखवेल, 'याच्या वर फक्त इतकीच' म्हणून. त्यावर भाळू नका. लोक डबी फोडून तेच नाणं पुन्हा पाठवतात, ६२ चा ६३ होईल या आशेने. जुनं लेबल परत केलं नाही तर एकच नाणं दोनदा मोजलं जातं. उलट ज्यांची नाणी अजून कपाटात आहेत ती मोजणीत आलेलीच नसतात. उद्या एखादा जुना संग्रह बाहेर पडला की आजचा 'सर्वोच्च ग्रेड' खाली घसरतो आणि भावही त्याच्यामागे.

आणि तुम्ही स्वतः ते फेरतपासणीला बाहेर पाठवायचं मनात आणू नका. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. म्हणजे १८८२ च्या रुपयावर आज जो आकडा आहे तो तुमच्यापुरता कायमचा. घेण्याआधी लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो नाण्याशी ताडून पाहा, नकली स्लॅबही फिरतात. फोटोतला एखादा चरा किंवा टोनचा डाग जुळला की खात्री होते.

पावसाळी:

थोडक्यात एवढंच. स्लॅब हवाबंद नसतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात आणि खाऱ्या हवेत चांदी काळवंडते. स्लॅब ज्या पेटीत ठेवाल तिच्यात सिलिका जेल ठेवा आणि ते वेळोवेळी बदला. सुट्या नाण्यांसाठी मऊ पीव्हीसीची पाकिटं अजिबात नकोत, कालांतराने हिरवट चिकट थर येतो आणि पाहता पाहता एयूचं नाणं डागी होतं. घरचे लक्ष्मीपूजनाचे रुपये असतील तर ते ग्रेडिंगच्या भानगडीत नेऊच नका. घासलेल्या नाण्याला आकडा मिळत नाही, 'डिटेल्स' असा शेरा मिळतो. ते घरचे म्हणूनच मोलाचे.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. शेल्डनचा गुणाकार वाचल्यावर डोक्यातला गुंता बराच सुटला. ६२ साठी पंधरा द्यायचे नाहीत हे नक्की केलं.

५८ बद्दल एक शंका उरली. गालावरची आणि केसांवरची ती राखाडी छटा झीज आहे, की ठसाच तिथे नीट उमटला नव्हता?

जुनी टांकसाळ:

खोलीतले बाकी दिवे बंद करून एकाच बल्बखाली नाणं हळूहळू तिरपं करत फिरवा. मूळ चमक असेल तर प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे नाण्यावरून फिरतात. ते पट्टे गालावरूनही सलग गेले, तर तिथे ठसा हलका पडला आहे. गालाशी येऊन तुटले आणि तेवढाच भाग निर्जीव राहिला, तर ती झीज. त्याखेरीज एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या बारीक रेघा दिसल्या तर कुणीतरी फडक्याने पुसलंय. तेवढं मात्र नीट बघा, ग्रेड करणाऱ्यांच्याही नजरेतून ते कधीकधी सुटतं.

धागाकर्ता:

शनिवारी मडगावला जातो आहे. व्यापाऱ्याने दिवा लावून बघू दिलं तर व्हिडिओ काढून इथे टाकतो. तोवर कुणाकडे १८८१ किंवा ८२ चा न घासलेला रुपया असेल, कुठल्याही ग्रेडचा, तर कानावरच्या केसांचा जवळून काढलेला फोटो टाकाल का? ताडून बघायला माझ्याकडे दुसरा नग नाही.