वाघोली मेट्रो: स्टेशनजवळची जागा दुचाकीला द्या, मोटारींना नको

नगररस्ता:
पुण्यात रामवाडीच्या पुढे वाघोलीमार्गे विठ्ठलवाडीपर्यंत मेट्रो न्यायला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. पलीकडे वनाज ते चांदणी चौक. दोन्ही मिळून १२.७५ किलोमीटर, १३ स्टेशनं, ३,६२६ कोटी रुपये. त्यातली ११ स्टेशनं आमच्या नगर रोडवर. तेव्हापासून सोसायट्यांच्या ग्रुपवर एकच मागणी फिरते आहे: प्रत्येक स्टेशनला मोठं पार्किंग पाहिजे, मोटारींसकट.

मागणी कुठून येते ते कळतं. रामवाडी मार्च २०२४ पासून या बाजूचं शेवटचं स्टेशन आहे. वाघोली-केसनंदची माणसं तिथपर्यंत दुचाकीवर येतात, सापडेल त्या कोपऱ्यात गाडी लावतात आणि मेट्रो पकडतात. दुचाकीला जागा हवीच. स्टेशनला लागून, छपराखाली, महिन्याच्या पासवर. सायकलींनाही. फीडर बस (स्टेशनपर्यंत माणसं आणणाऱ्या) आणि शेअर रिक्षा जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहायला हव्यात. पण मोटारींसाठी या ११ स्टेशनांजवळ जमीन अडवायला माझा विरोध आहे.

हिशोब बघा. आपली मेट्रो तीन डब्यांची, गच्च भरली तर एका गाडीत साधारण ९७० माणसं. एका मोटारीला उघड्यावर, येण्याजाण्याच्या वाटेसकट, २३ चौरस मीटर धरतात. तळघरात ३२. म्हणजे २०० मोटारींना ४,६०० चौरस मीटर, एकराहून जास्त. सकाळच्या मोटारीत बहुतेक एकच माणूस असतो. एकरभर जमीन घालून आपण मेट्रोच्या एका फेरीचा जेमतेम पाचवा हिस्सा भरतो, आणि ती मोटार संध्याकाळपर्यंत जागची हलत नाही. तेवढ्याच जागेत १,५०० दुचाकी आरामात मावतात.

शिवाय स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत, २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे, ४ पर्यंत एफएसआय मिळू शकतो, म्हणजे प्लॉटच्या चौपटीपर्यंत बांधकाम. रस्ता किती रुंद, प्लॉट केवढा यावर ते ठरतं. जिथे माणसं चालत स्टेशनला येतील अशी घरं उभी राहू शकतात, तिथेच मोटारी उभ्या करायच्या? मला हे पटत नाही.

शिक्रापूरकर:
तुमचा हिशोब वाघोलीत राहणाऱ्याचा आहे. आम्ही कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूरकडचे. आमच्यासाठी शेवटचं स्टेशन म्हणजे शहराची वेस. तिथे मोटार ठेवता आली तर पुढे आम्ही मेट्रोने जाऊ. नाही आली तर तीच मोटार खराडी, येरवडा करत थेट शिवाजीनगरात येणार आणि तिथे जागा शोधत फिरणार. एकराची किंमत मोजताना ही पुढच्या रस्त्यावरची गर्दी कोण मोजणार?

दुचाकीने या, असं तुम्ही सुचवताय. रांजणगाव एमआयडीसीकडून येणारे कंटेनर आणि ट्रेलर त्याच रस्त्यावर असतात. पावसाळ्यात सकाळी सात वाजता त्यांच्या मधून दुचाकी काढून बघा. माझे वडील ७१ वर्षांचे, गुडघे दुखतात, दर महिन्याला पुण्यात दवाखान्यात न्यावं लागतं. त्यांना मागे बसवून नेऊ का? मोटार ही आमची चैन नाही.

खराडीची आई:
दुचाकीबद्दल नगररस्ता यांना पूर्ण पाठिंबा, पण "जागा द्या" एवढ्यावर थांबू नका. जागा कशी असेल ते बोला.

मी ज्या स्टेशनला गाडी लावते तिथलं पार्किंग म्हणजे मुरूम टाकलेला मोकळा तुकडा. पहिल्या पावसात चिखल झाला, साइड स्टँड रुतून माझ्यासमोर तीन गाड्या एकावर एक कलल्या. एकच दिवा, तोही दाराशी. रात्री साडेनऊला ऑफिसमधून परतते तेव्हा पावत्या फाडणारा माणूस निघून गेलेला असतो आणि माझी गाडी सर्वांत आत, भिंतीकडे. मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून कुलूप उघडावं लागतं. माझ्या ओळखीच्या दोघींनी याच कारणाने मेट्रो सोडली आणि परत गाडीनेच ऑफिसला जायला लागल्या.

सकाळी मुलीला शाळेत सोडून मग स्टेशन. ही वाट कुठल्याही फीडर बसच्या मार्गावर बसत नाही. घर, शाळा, पाळणाघर, स्टेशन असा फिरता रस्ता बहुतेक बायकांचा असतो, त्यामुळे बस आली की दुचाकी सुटेल असं कुणी धरून चालू नये. फरशी, छप्पर, भरपूर दिवे, कॅमेरे, शेवटची मेट्रो येईपर्यंत माणूस. आणि बायकांच्या गाड्या दाराजवळ. हे निविदेत लिहून घ्या.

गल्ली नंबर चार:
मी एका चालू स्टेशनच्या मागच्या गल्लीत राहतो. स्टेशन सुरू झाल्यापासून सकाळी आठला आमच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंना दुचाकींची रांग लागते. शेजारच्या आजींना न्यायला ॲम्ब्युलन्स आली तेव्हा आम्ही पोरांनी गाड्या उचलून बाजूला केल्या. स्टेशनला पैसे भरून लावायची सोय होती, आणि त्याच वेळी ती अर्धी रिकामी होती! गल्लीत फुकट लावता येत असेल तर पैसे कोण भरेल?

म्हणून पार्किंग बांधायचं की नाही यावर मी वेळ घालवणार नाही. आधी रस्त्यावरच्या फुकट पार्किंगचा निकाल लावा. महापालिकेच्या मुख्य सभेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं, तेसुद्धा आधी पाच रस्त्यांवर प्रयोग म्हणून. त्यानंतर कित्येक वर्षं ते कागदावरच राहिलं. सगळ्या पक्षांना भीती एकच, मतदार चिडेल. वाघोलीत मेट्रो येण्याआधी स्टेशनभोवतीच्या रस्त्यांवर शुल्क आणि रहिवाशांना परवाने ही पद्धत बसली नाही, तर तुम्ही कितीही एकर पार्किंग द्या, गाड्या गल्लीतच येणार.

नकाशेवाला:
मी वास्तुविशारद आहे, कोथरूडमधल्या जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाची कामं करतो. नगररस्ता यांच्या शेवटच्या परिच्छेदात एक मोठी फट राहिली आहे, ती दाखवतो.

जादा एफएसआय दिला की माणसं चालत स्टेशनला जातील, हे आपोआप होत नाही. पौड रस्त्याच्या बाजूच्या गल्ल्यांत तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या इमारती होत्या. १६ बिऱ्हाडं, खाली स्कूटरी आणि दोन-चार मोटारी. त्यांच्या जागी आता उंच इमारती येतात. खालचे तीन-चार मजले नुसते पार्किंगचे, त्यावर माणसं. मेट्रोच्या जिन्यापासून पाच मिनिटांच्या अंतरावर असलेल्या इमारतीतही सभासदांच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो, "फ्लॅटमागे पार्किंग किती?" दोन म्हटलं की सह्या होतात. एक म्हटलं की बैठक पुढे ढकलली जाते. नियमावलीही किमान पार्किंग सांगते, त्यामुळे कमी करायचं म्हटलं तरी मर्यादा येते. जागा पुरेना म्हणून मग एकावर एक मोटारी चढवणारी यंत्रं बसवतात. त्यांचा देखभाल खर्च दहा वर्षांनी कोण देणार, यावर कुणी बोलत नाही.

म्हणजे स्टेशनच्या आवारात २०० मोटारींना नाही म्हणायचं आणि त्याच ५०० मीटरच्या वर्तुळात खासगी इमारतींमधून हजारो मोटारींना जागा करून द्यायची. नऊ मीटरच्या गल्लीत त्या सगळ्या सकाळी उतरणार. वाघोलीत हे टाळायचं असेल तर मेट्रोच्या पट्ट्यात किमान पार्किंगऐवजी कमाल मर्यादा हवी. जादा एफएसआय हवा असेल तर पार्किंग कमी करा, अशी अट. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने पार्किंगचं शुल्क व्यापलेल्या जमिनीच्या किमतीला साजेसं असावं असं सांगितलं आहे. आणि त्यात पार्क अँड राइडची, म्हणजे स्टेशनला वाहन ठेवून पुढे मेट्रो-बसने जाण्याची, सोय सुचवली आहे ती सायकलवाल्यांसाठी.

टँकरवाली वाघोली:
तुम्ही सगळे एफएसआय आणि पार्किंग बोलताय. मी वाघोलीत राहते. २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत गेली त्यात आम्हीही गेलो. आजही आमच्या सोसायटीच्या महिन्याच्या मेंटेनन्समधला सर्वांत मोठा आकडा पाण्याच्या टँकरचा असतो. उन्हाळ्यात सकाळी पाचला टँकरच्या हॉर्नने जाग येते. जिथे आहे त्या लोकवस्तीला पाणी नाही, सांडपाण्याची धड व्यवस्था नाही, तिथे ४ एफएसआयने आणखी माणसं आणणार?

मला तर स्टेशनजवळ मोकळं पार्किंग असलेलंच बरं वाटतं. निदान त्याला पाणी लागत नाही. आणि त्या नव्या इमारतींत राहायला कोण येणार? केसनंद फाट्यावर भाजी विकणारी बाई, कंपनीत कंत्राटावर असलेला मुलगा, यांना तिथलं घर परवडेल का? स्टेशनपर्यंत चालत जाण्याची खरी गरज त्यांना आहे. भाव वाढले की तेच आणखी लांब, लोणीकंदच्या पुढे फेकले जातात.

पामबीच:
नवी मुंबईतला अनुभव सांगतो. सिडकोने स्टेशनं आधी आखली, शहर भोवती वाढलं. वाशीला स्टेशनच्या वरच कार्यालयांची इमारत आहे, बाहेर बस, रिक्षा आणि गाड्यांसाठी ऐसपैस आवार. जागा आधी राखली होती म्हणून हे शक्य झालं. एवढी जागा असूनही सकाळी नऊनंतर दुचाकी लावायला फिरावं लागतं. आवार मोठं ठेवलं म्हणून पार्किंगचा प्रश्न सुटत नाही, पण बसला स्टेशनच्या दारात वळता येतं, ही गोष्ट मात्र लाखमोलाची आहे. नगर रोडवर मेट्रो रस्त्याच्या मधोमध, खांबांवर. तिथे बस उभी कुठे राहणार ते आत्ताच ठरवा.

फ्रीमाँटहून:
इथे कॅलिफोर्नियात आमच्या भागात वॉर्म स्प्रिंग्ज हे बार्टचं, म्हणजे इथल्या शहरी रेल्वेचं, स्टेशन २०१७ मध्ये सुरू झालं, सुमारे २,००० मोटारींच्या पार्किंगसह. कोविडनंतर लोक घरून काम करू लागले आणि त्यातला मोठा भाग ओस पडला. २०१८ मध्ये राज्याने कायदाच केला, की बार्टच्या मालकीच्या स्टेशनजवळच्या जमिनीवर घरं बांधणं सोपं व्हावं. ओकलंडच्या फ्रूटव्हेलला तर पार्किंगच्या जागेवर घरं, दवाखाना, ग्रंथालय त्याआधीच आलं होतं. ज्यांनी आयुष्यभर पार्किंग बांधलं ते आता ते मोडतायत, एवढं वाघोलीकरांनी ध्यानात घ्यावं.

शिक्रापूरकर:
फ्रीमाँटहून, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. पार्किंग होतं म्हणूनच ती जमीन सरकारी मालकीची राहिली आणि आज तिथे घरं बांधता येतायत. पहिल्याच दिवशी बिल्डरला दिली असती तर हा पर्याय उरला असता का? डांबर उखडता येतं, तीस मजले उखडता येत नाहीत. टँकरवाली वाघोली यांचं पाण्याचं म्हणणंही यात बसतं. पाणी येईपर्यंत जमीन पार्किंग म्हणून राखा.

नगररस्ता:
जमीन सार्वजनिक मालकीची राहावी, हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो आणि मी तो पूर्ण मानतो. विकू नये, भाडेपट्ट्याने द्यावी. पाण्याची हमी मिळाल्याशिवाय जादा एफएसआयही सुरू करू नये. भाजीवालीला परवडेल अशा भाड्याच्या घरांचा वाटा ठरवून घ्यावा. यात मला आणि टँकरवाली वाघोली यांना भांडायचं कारण नाही.

पण मोकळ्या जागेवर पार्किंग सुरू झालं की ते कुणाचं तरी होऊन बसतं. पास असलेले, ठेकेदार, बाजूचे हॉटेलवाले. नगर रोडवरच २०१६ मध्ये सुरू झालेल्या बीआरटीचं, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या मार्गिकांचं, काय झालं ते आठवा. बसला दिलेली जागा मोटारींनी मागितली आणि शेवटी मार्गिका उखडल्या गेल्या. इथे मोटारींच्या हातात गेलेली जागा बससाठी परत मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही.

तरी शेवटच्या स्टेशनला वेगळं धरायला मी तयार आहे. विठ्ठलवाडीला मोटारींसाठी जमिनीवरचं पार्किंग असू दे. तळघर नाही, बहुमजली नाही. आजारी आणि वयस्कर माणसाला घेऊन येणाऱ्या गाडीला दाराशी जागा राखीव आणि फुकट. बाकीच्यांना पूर्ण दर. खराडी बायपासपासून बकोरी फाट्यापर्यंत मात्र मोटारींना जागा नको, तिथे बसची थांबायची जागा आणि खराडीची आई यांनी सांगितलेलं दुचाकीचं पार्किंग. २०१७ च्या मेट्रो धोरणात स्टेशनच्या दोन्ही बाजूंच्या ५ किलोमीटरपर्यंत फीडरची सोय अपेक्षित आहे, तर लोणीकंद आणि केसनंदची बस मेट्रोच्या खर्चातच धरा.

शिक्रापूरकर:
पूर्ण दर म्हणजे किती? मेट्रोचं तिकीट जास्तीत जास्त ३५ रुपये. पार्किंगला दिवसाला शंभर लावलेत तर हिशोब परत मोटारीच्या बाजूने जातो. दर तिकिटातच धरा, मेट्रोने गेल्याची नोंद असेल त्याला सवलत, नुसती गाडी ठेवून जाणाऱ्याला दुप्पट. एवढं केलंत तर मी तुमच्या बाजूने सही करतो.

गल्ली नंबर चार:
आणि फाटकापुढच्या गाड्यांचं?

नगररस्ता:
रहिवासी परवाना आणि रस्त्यावरचं शुल्क, मेट्रो सुरू व्हायच्या सहा महिने आधी. महापालिकेला द्यायच्या निवेदनात हा पहिला मुद्दा घालतोय. शिक्रापूरकर, दराचं तुमचं वाक्य जसंच्या तसं घेतो. खराडीची आई, पार्किंगची यादी तुम्हीच लिहून पाठवा, मला ती तुमच्याइतकी नेमकी लिहिता येणार नाही.