शीआन-चंगदू: खाणं आणि फिरणं, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही कॉलेजचे चार मित्र ऑक्टोबरअखेर चीनला निघालोय. १ तारखेपासूनची राष्ट्रीय दिनाची सुट्टी आणि ती गर्दी मुद्दाम टाळली आहे. आधी शीआन, मग बुलेट ट्रेनने चंगदू.

खरा प्रश्न पोटाचा. दोघं सगळं खाणारे, एक अंडंसुद्धा न खाणारा, आणि मी बीफ-पोर्क सोडून काहीही. शीआनच्या मुस्लिम मोहल्ल्यात पोर्कची चिंता नाही, पण तिथल्या पावात भरलेलं मांस बहुतेक बीफच असतं ना? शाकाहाऱ्यासाठी ल्यांगफी, म्हणजे तिखट तेल-व्हिनेगरातल्या थंड नूडल्स, हेरून ठेवल्यात. चंगदूच्या हॉटपॉटचा (टेबलावरच उकळत्या रश्श्यात पदार्थ शिजवून खायचे) लाल रस्सा बऱ्याच ठिकाणी बीफच्या चरबीत करतात असं वाचलं आणि माझा उत्साहच मावळला. दोन कप्प्यांचं भांडं घेऊन दुसऱ्या बाजूला मशरूमचा रस्सा मागितला तर चालेल का? वनशू मठातल्या शाकाहारी उपाहारगृहात कोणी जेवलंय का?

फिरण्याचं म्हणाल तर शीआनजवळचं मातीच्या पुतळ्यांचं सैन्य (१९७४ साली विहीर खणताना सापडलेलं) आणि चंगदूचं पांडा केंद्र नक्की. पांडे सकाळीच जागे असतात म्हणे, आमच्यातला एकही नसतो! शीआनच्या तटबंदीवर सुमारे १४ किलोमीटरची सायकल फेरी संध्याकाळी बरी की सकाळी? शीआनहून ह्वाशान डोंगरासाठी एक दिवस काढावा का? एकाचे गुडघे कुरकुरतात, रोपवे असला तरी पायऱ्या बऱ्याच आहेत म्हणे.

अलीपेला (मोबाइलवरून पैसे देण्याचं चिनी अ‍ॅप) भारतीय कार्ड जोडून कोणी अलीकडे पैसे दिले असतील तर तेही सांगा. रोख किती ठेवावी?