मदत हवी आहे: टँकचं पाणी दुधाळ झालंय, मासे वर येऊन तोंड उघडमीट करतायत

काजवी:
अर्जंट आहे. दोन दिवसांपासून टँकमधलं पाणी दुधाळ दिसतंय आणि सकाळी बघावं तर सगळे मासे वर येऊन तोंड उघडमीट करत असतात, काल एक गेला. दुकानदाराला फोन केला तर त्याने एक निळं औषध दिलं, ते टाकलं, पाणी निळं झालं बाकी काही फरक नाही. पाणी बदलून झालंय, टँक स्वच्छ असतो माझा, काच पण रोज पुसते. नेटवर बघितलं तर एक म्हणतो पाणी बदला, दुसरा म्हणतो हातच लावू नका. प्लीज कुणीतरी काय ते एकच सांगा, लवकर.

गप्पीवाला:
टँक किती लिटरचा? मासे कोणते, किती? फिल्टर कुठला? लावून किती दिवस झाले? अमोनिया टेस्ट केली का?

काजवी:
मध्यम साईझचा आहे. मासे आपले साधेच, रंगीत. फिल्टर आहे. टेस्ट कसली? औषधाचं नाव सांगता का कुणी?

गप्पीवाला:
'साधे रंगीत' नावाचा मासा नसतो हो ताई. टेप घ्या, लांबी रुंदी उंची सेंटीमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा, हजाराने भागा, लिटर आले. माशांची नावं माहीत नसतील तर दिसतात कसे ते लिहा.

खडेमीठ:
मीठ टाका. लिटरला एक ग्रॅम, आयोडीन नसलेलं. माझ्याकडे अकरा वर्षं टँक आहे, मिठाशिवाय दुसरं औषध घरात आणलं नाही.

दर्यावर्दी:
मी खाऱ्या पाण्याचा टँक ठेवतो, रीफ आहे, प्रवाळ वगैरे सगळं. आमच्याकडे अशी घाण सगळी प्रोटीन स्किमर, म्हणजे फेस करून त्यातून घाण बाहेर काढणारं यंत्र, काढतो. स्किमर बसवून टाका, पुन्हा वळून बघावं लागणार नाही. खारेपणा मात्र विशिष्ट गुरुत्वात 1.025 च्या आसपास धरून ठेवा.

गप्पीवाला:
@दर्यावर्दी, त्यांचा गोड्या पाण्याचा टँक आहे. गोड्या पाण्यात घरगुती स्किमरला फेसच धरत नाही. काहीही काय.

दर्यावर्दी:
गोड्या पाण्याचा आहे असं त्यांनी कुठे लिहिलंय?

काजवी:
गोडंच पाणी आहे, नळाचं. मोजला. 60 बाय 30 बाय 35. मासे: 6 मॉली (आता 5), 2 गोल्डफिश, 5 निऑन, तळाला चिकटणारा तो सकर 1 आणि शार्कसारखा दिसणारा चंदेरी 1. तीन आठवडे झाले. एवढी चौकशी का चाललीय कळत नाही, मासे मरतायत इथे.

तळ_ढवळू_नका:
काजवी, घाबरू नका, नाव सांगून सुटेल असं औषध नाहीये हे. तुमचा टँक 63 लिटरचा, त्यात सुरुवातीला 15 मासे, त्यातले दोन गोल्डफिश, म्हणजे घाण भरपूर. शिवाय टँक तीनच आठवड्यांचा. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचा नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरा त्या मानाने पुष्कळ सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खड्यांवर वाढतात आणि पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. पांढुरकं दिसतंय ते जास्तीचं खाणं खाऊन फोफावलेले वेगळेच जिवाणू. ते ऑक्सिजनही खातात.

आता दोन गोष्टी खऱ्या सांगा. स्पंज कसा धुता? आणि मासे सकाळीच वर येतात, दुपारी ठीक असतात का?

काजवी:
स्पंज नळाखाली धुते, दर दोन दिवसांनी, अगदी पांढरा होईपर्यंत. मासे दुपारी ठीक असतात, हो. ते कसं ओळखलंत?

तळ_ढवळू_नका:
रात्री फिल्टर बंद करता का?

काजवी:
हो रात्री बंदच असतो, आवाज होतो ना त्याचा. दहाला बंद, सकाळी सहाला चालू. मासे पण झोपतातच की रात्री.

गप्पीवाला:
अरे देवा.

शंकेखोर:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर वीस प्रतिसाद वाचले असते. हलकेच घ्या.

तळ_ढवळू_नका:
झोपले तरी श्वास घेतातच ना. पाणी हललं नाही की वरून ऑक्सिजन नीट विरघळत नाही. 25 अंशाला पाण्यात जेमतेम आठ मिलिग्रॅम लिटरमागे मावतो, 30 अंशाला साडेसातच्या आसपास, आणि तोही आठ तासात 15 मासे आणि कोट्यवधी जिवाणू मिळून संपवतात. फिल्टरमधल्या जिवाणूंनाही वाहतं पाणी लागतं, ते रात्रभर गुदमरतात. जे वाचतात ते तुम्ही एक दिवसाआड नळाच्या क्लोरिनने धुऊन टाकता. म्हणजे तीन आठवडे टँक रोज पहिल्या दिवसावर येतोय.

आत्ता करायचं ते: फिल्टर लावा आणि पुन्हा बंद करू नका. साधारण 40 टक्के पाणी बदला, तेवढ्याच तापमानाचं, अँटिक्लोरिन (नळाच्या पाण्यातला क्लोरिन मारणारं द्रावण) टाकून. स्पंजला हात लावू नका, अगदीच चोंदला तर टँकमधून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा. दोन दिवस खाणं पूर्ण बंद. काच पुसायचीय तर पुसा, त्याने काही बिघडत नाही.

खडेमीठ:
आणि मीठ.

तळ_ढवळू_नका:
निऑन आहेत, सकर आहे. दोघांनाही मीठ फारसं सोसत नाही. अमोनियाला मिठाचा काही उपयोगही नाही.

काजवी:
चालू केला. पण रात्री चालू ठेवणं कठीण आहे हो. टँक बाबांच्या खोलीत आहे. त्यांना चार महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, दिवसभर छताकडे बघत पडून असायचे म्हणून मी टँक आणला आणि पलंगावरून दिसेल असा ठेवला. दिवसभर बघतात, पण झोप फार हलकी झालीय, खुट्ट झालं की जागे. आणि दोन दिवस खाणं बंद म्हणजे? मरतील ना ते.

गप्पीवाला:
निरोगी मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो. तुम्ही किती वेळा घालता?

काजवी:
सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. बाबाही घालतात, डाव्या हाताने, फिजिओवाले म्हणाले चिमूट धरायचा व्यायाम होईल म्हणून. कधीकधी डबीच उपडी होते. आणि रात्री मी. म्हणजे बाबांना औषध देऊन, कूस बदलून झालं की दोन-अडीच वाजतात, मग झोप येत नाही, तिथेच खाली बसते टँकसमोर. थोडं टाकलं की सगळे काचेशी येतात, माझ्याकडे बघतात असं वाटतं. दिवसभरात तेवढंच एक माझं असतं. कधी दोनदा होतं, कधी तीनदा.

रात्रपाळी:
काजवी, तुझं वाचून इतक्या वेळ नुसती वाचत होते ती लिहायला लागले. माझी नोकरी गेली त्या वर्षी मीही हेच केलं, मेलवर मेल नकाराचे यायचे आणि मी उठून माशांना चिमूट घालायची. माझे निम्मे गेले. मग मी खाण्याची डबी दुसऱ्या खोलीत ठेवली आणि रात्री फक्त बसायला लागले, पहिले दोन दिवस हात शिवशिवतात, मग सवय होते. मासे तरीही काचेशी येतात बरं का, त्यांना आपली आकृती कळते.

निवांत:
खरं तर मन शांत करायला माशांची काय गरज? टीव्हीवर टँकचे आठ-आठ तासांचे व्हिडिओ असतात, ते लावा. पाणी बदलायला नको, कोणी मरायला नको. सोबत दहा मिनिटं श्वासाकडे लक्ष.

रात्रपाळी:
व्हिडिओतला मासा आपल्याकडे बघून येत नाही.

शंकेखोर:
मासे बघून ताण उतरतो हे पण ऐकीव आहे सगळं. दंतवैद्याच्या वेटिंग रूममध्ये टँक असतो म्हणून कोणाचं दुखायचं थांबलंय का.

गप्पीवाला:
ऐकीव नाही. 1983 साली अमेरिकेत केचर आणि मंडळींनी लोकांना टँकसमोर बसवून रक्तदाब मोजला होता, उतरला. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या मत्स्यालयात एक मोठा टँक नव्याने भरत होते तेव्हा बघणाऱ्यांचे ठोके मोजले, तो अभ्यास 2015 साली छापून आला. नुसतं पाणी आणि खडक असतानाही उतरले, मासे वाढत गेले तसा परिणाम वाढला.

शंकेखोर:
म्हणजे जितके मासे जास्त तितकं बरं! हेच ऐकून लोक 63 लिटरमध्ये 15 मासे घालतात.

तळ_ढवळू_नका:
हे मात्र बरोबर बोललात. काजवी, टँक सावरला की माशांचं बघावं लागेल. तो चंदेरी शार्क नाहीये, पंगासियस आहे, विकताना बोटाएवढा असतो, पूर्ण वाढला की मीटरभराच्या वर जातो. गोल्डफिश थंड पाण्याचे, निऑन कोमट आणि मऊ पाण्याचे, मॉलींना जड पाणी आवडतं. गोल्डफिश आणि तो 'शार्क' दुकानदार परत घेतो का विचारा.

आवाजाचं बघू. फिल्टर कुठला आहे? मागे टांगायचा, की हवेच्या पंपावर चालणारा?

काजवी:
छोटा डबा आहे पंपाचा, टँकशेजारी टेबलावर असतो, नळी आत जाते. गोल्डफिश मी देणार नाही. बाबा त्यातल्या मोठ्याला बघून हसतात.

गप्पीवाला:
मग आवाज टेबलाचा आहे, पंपाचा नाही. पंप थरथरतो आणि टेबल ढोलासारखं घुमतं. जाड स्पंजवर किंवा चार घडी टॉवेलवर ठेवा, भिंतीला टेकू देऊ नका. पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर ठेवलात तर वीज गेली तरी नळीतून पाणी उलटं येणार नाही. बुडबुड्यांचा आवाज येत असेल तर नळीला छोटा व्हॉल्व्ह मिळतो, हवा थोडी कमी करा, बंद नाही.

रात्रपाळी:
आणि बाबांसाठी रोजची चिमूट एका छोट्या डबीत काढून ठेव, तेवढीच. व्यायामही होईल आणि उपडी झाली तरी चिंता नाही.

दर्यावर्दी:
अवांतर आहे पण मीठ टाकणार असाल तर टेबल सॉल्ट नको, समुद्री मिठाचं मिक्स वेगळं असतं, कॅल्शियम मॅग्नेशियम सगळं त्यात.

तळ_ढवळू_नका:
कोणी मीठ टाकत नाहीये.

काजवी:
टेस्ट किट आणलं. अमोनियाची नळी हिरवी झाली, कार्डवर 2 दाखवतंय. वाईट आहे का? पंप टॉवेलवर ठेवला, आवाज पुष्कळ कमी झाला, बाबा झोपलेत. अजून एक मॉली गेली.

तळ_ढवळू_नका:
वाईट आहे पण आटोक्यात येणारं आहे. रोज पाव टाकी पाणी बदला, अँटिक्लोरिन विसरू नका. निळं औषध आणखी टाकू नका, ते मिथिलिन ब्लू असणार, त्याने हेच जिवाणू मार खातात. कुणाकडे जुना चालू टँक असेल तर त्याचा वापरलेला स्पंज मागून तुमच्या फिल्टरशेजारी ठेवा, त्याच्यासारखं औषध नाही.

खडेमीठ:
नायट्राइट चढला की मिथिलिन ब्लू देतातच. रक्त तपकिरी होतं त्यावर उतारा आहे तो. उगाच बदनाम करू नका.

तळ_ढवळू_नका:
देतात, वेगळ्या बादलीत. टँकमध्ये नाही.

काजवी:
नऊ दिवसांनी अपडेट देतेय. पाणी स्वच्छ झालं. अमोनिया 0.25 आहे, पण आता नायट्राइट 1 दाखवतंय, ते वाढलं म्हणजे बिघडलं का? चंदेरी परत केला. स्पंज एका शेजाऱ्यांकडून मिळाला, घाणेरडा होता पण तुमचं ऐकून तसाच ठेवला. रात्री बसते अजून, डबी स्वयंपाकघरात असते, उठून आणायचा कंटाळा येतो त्यामुळे घालायचं राहतं. बाबांना बोलायला जमत नाही पण सकाळी बोटांनी मासे मोजतात, काल एक कमी भरला म्हणून मला हाका मारल्यासारखं केलं. सकर फिल्टरच्या मागे होता.

तळ_ढवळू_नका:
बिघडलं नाही. पहिले जिवाणू कामाला लागले, दुसरे यायचेत. पाणी बदलणं चालू ठेवा, अजून दोन-तीन आठवडे.

खडेमीठ:
नायट्राइटला मात्र मीठच. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. हे तरी मान्य करा आता.

तळ_ढवळू_नका:
हे मान्य. पण थोडं, आणि निऑनकडे बघून.

काजवी:
मीठ मी पहिल्याच दिवशी टाकलं होतं की. सांगायचं राहिलं.

गप्पीवाला:
किती??

काजवी:
मूठभर.

तळ_ढवळू_नका:
ताई, वजनकाटा घ्या आणि तेवढीच मूठ मोजून सांगा. आणि पाणी बदलताना दरवेळी परत टाकलंत का, तेही.