अनुभव धागा: हत्यार नव्हतं, मग हाताशी काय होतं?

मागच्या महिन्यात पुणे विमानतळावर माझ्या पर्समधून मिरचीचा स्प्रे निघाला आणि थेट डब्यात गेला. केबिनमध्ये चालत नाही हे माहीत होतं, पर्समध्ये आहे हेच विसरले होते. रात्री दीडला बंगळुरूत टॅक्सीत बसले तेव्हा हातात काय, तर घडीची छत्री. झालं काहीच नाही, पण ती मी अशी आवळली होती की उतरताना बोटं उघडेनात.

तुमचे किस्से सांगा. अट एकच, स्वतःवर गुदरलेलं हवं, व्हॉट्सॲपवर आलेलं नको. फसलेलंही चालेल.

*

आमच्या वेळी सेफ्टी पिन. 1988 साल, मी कॉलेजात. आईने निऱ्यांची मोठी पिन दिली होती. उघडी ठेवायची, टोक ओढणीआड. पहिल्याच दिवशी ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि ती माझ्याच अंगठ्यात घुसली! पुढच्या आठवड्यात गर्दीत मागून एक जण अंगचटीला येऊ लागला. मी वळलेही नाही. हात मागे नेऊन पिन नुसती धरून ठेवली. पुढच्या गचक्याला तोच ओरडला, "आई गं! बाई, पिन टोचली!" सगळी बस वळून बघायला लागली. मी म्हटलं, "पिन माझ्या जागेत आहे. तुमची मांडी इथं कशी आली?" कंडक्टरने त्याला पुढच्या स्टॉपला उतरवलं.

*

पिनवाल्या ताई, दंडवत!

माझा फसलेला. दोन बोटांमध्ये किल्ली धरून चालायचं, असं कुणीतरी शिकवलं होतं. स्कूटरवरचा चोर पर्स ओढायला लागला तेव्हा मारली. लागली हेल्मेटला. चोर पर्ससकट पसार, बोट सुजलं आणि किल्ली वाकल्यामुळे घराबाहेर बसावं लागलं.

*

मी निवासी डॉक्टर होतो. रात्री तीनला पेशंट गेला आणि चार-पाच नातेवाईक अंगावर आले. 2010 पासून महाराष्ट्रात डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा आहे, पण तो त्या क्षणी वॉर्डात नव्हता. औषधांची ट्रॉली होती. सिस्टरनी ती आडवी घातली आणि चाकाचा ब्रेक पायाने दाबला. ट्रॉलीवर कात्री होती, ती त्यांनी आधी उचलून स्वतःच्या खिशात टाकली. हे मला नंतर कळलं. कुणाच्याच हाती लागू नये म्हणून! त्या तीन फुटांच्या अंतरात वॉचमन पोचला. मला फक्त एक थप्पड बसली, तीही ट्रॉलीवरून वाकून मारलेली, म्हणजे अर्धीच.

*

लंडनला शिकायला निघाले तेव्हा आईने स्प्रे आणून ठेवला होता. सीनियर म्हणाला, "आणू नकोस, तिथे तो 1968 च्या बंदुकांच्या कायद्यात येतो." शिवाय साधी वस्तूसुद्धा "कुणाला इजा करायला बाळगलीय" असं ठरलं, तर ती हत्यारच. मग पिन ओढली की किंचाळणारा अलार्म घेतला. रात्री कधी वाजवावा लागला नाही. ग्रंथालयात मात्र बॅगेच्या चेनमध्ये अडकून वाजला. दोनशे माना वर.

*

मॅचला आत बाटली नाही, छत्री नाही. गर्दीत कामी आलं ते कोपर. ते गेटवर कोण काढून ठेवणार?

*

वकील आहे म्हणून थोडं अवांतर. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. 37 नीट वाचा: बचावापुरतीच इजा, त्याहून जास्त नाही. तो पळाला की तुमची छत्री खाली. पाठलाग करून मारलंत, तर माझी फी वाढते.

*

पिनवाल्या काकू, ती पिन अजून आहे का?

*

आहे की. सध्या ह्यांच्या लेंग्याची नाडी ओवायला वापरते.