सॉफ्टवेअरने दिलेला पिट म्हणजे खाण का नाही?

खाणविद्यार्थी_चंद्रपूर:
मायनिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला लोहखनिजाचं ब्लॉक मॉडेल, म्हणजे साठा ठोकळ्याठोकळ्यांत मांडलेला, मिळालंय. सॉफ्टवेअरमध्ये लर्च्स-ग्रॉसमन ही पद्धत चालवली, ८० मीटर खोल पिट (उघड्या खाणीचा खड्डा) आला, नफाही दिसतोय. गाइड म्हणतात, ही अजून खाण झाली नाही. राहिलंय काय?

बेंचवरचा_माणूस:
रस्ता राहिलाय. १९६५ साली लर्च्स आणि ग्रॉसमन यांनी एका प्रश्नाचं चोख उत्तर दिलं: खालचा ब्लॉक काढायचा तर वरचे काढावेच लागतात, मग कुठवर खणलं की एकूण नफा सर्वांत जास्त? डंपर खाली कुठून उतरणार, हे त्या गणितात नाहीच.

हिशेब करून बघ. १:१६ चढ धरलास तर ८० मीटरला १२८० मीटर रस्ता लागतो. २५ मीटर रुंदीचा तो रस्ता भिंतीला एकदा आडवा गेला, की ४५ अंशांची भिंत तिथे जेमतेम ३७ अंशांची उरते. भिंत कमी उभी म्हणजे माती जास्त काढावी लागते, आणि तिचा खर्च तुझ्या नफ्यातून जाणार. म्हणून रस्ता धरून येणारा कोन आधी घाल आणि पुन्हा चालव.

आणि चारही बाजूंना एकच कोन कृपा करून टाकू नकोस. लॅटेराइट (जांभा) वेगळा उभा राहतो, कुजलेला फायलाइट (पापुद्र्यांचा खडक) वेगळा. त्या भिंतीखाली माणसं काम करतात. बोअरहोलचे गाभे, म्हणजे त्यातून काढलेले खडकाचे नमुने, स्वतः हातात घेऊन बघ.

मग खनिजाचा भाव कमी-कमी धरून एकात एक बसणारे पिट काढ, जेफ व्हिटल यांची पद्धत. आधी कुठे खणायचं ते त्यातून दिसतं. माती काढायचा खर्च आज होतो, खनिजाचे पैसे काही वर्षांनी येतात, म्हणून हा क्रम महत्त्वाचा.

डिचोलीकर:
लीजची (खाणपट्ट्याची) हद्दही घाला. हद्दीपासून साडेसात मीटर सोडावे लागतात. गोव्यातल्या अरुंद लीजमध्ये तेवढ्यानेच पिटचा तळ वर येतो. पावसाळ्यासाठी संप (पाणी गोळा करून उपसायचा खड्डा) आणि गाळ बसवायचं तळं पहिल्याच नकाशात हवं, नाहीतर गाळ खालच्या शेतांत उतरतो.

खाणविद्यार्थी_चंद्रपूर:
दादा, रॅम्प, म्हणजे तो उतरता रस्ता, कुठल्या भिंतीला घेऊ? थर बराच तिरका आहे.

बेंचवरचा_माणूस:
बहुतेक वेळा फूटवॉलला, म्हणजे थराखालच्या खडकाच्या भिंतीला. हँगिंग वॉल, म्हणजे थरावरच्या खडकाची भिंत, प्रत्येक टप्प्याला मागे सरकते, तिच्यावरचा रस्ता मोडावा लागतो. पण फूटवॉलच्या खडकाचे सांधे पिटकडे झुकलेले असतील तर तिथे रस्ता घेऊ नकोस. आधी ती मोजणी कर, मग रेघ ओढ.