ऑटोमॅटिक गाडीची थरथर : गिअरबॉक्स उतरवण्याआधी

ए-४०२ : सोसायटीतील सर्वांना नमस्कार. आमची सहा गिअरची ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी गेल्या काही आठवड्यांपासून एका ठरावीक परिस्थितीत थरथरते. नवले पुलाकडून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढताना वेग साठच्या आसपास असतो आणि ॲक्सिलरेटर अगदी हलका दाबलेला असतो, तेव्हा दोन-तीन सेकंद रम्बलरवरून गेल्यासारखे वाटते आणि मग सारे शांत होते. गॅरेजवाल्यांनी फेरी न मारताच गिअरबॉक्स उतरवावा लागेल असे सांगितले असून खर्चाचा आकडा बराच मोठा आहे. कोणाला याची माहिती असल्यास कृपया सांगावे.

सी-६०५ : ताई, आधी व्हील बॅलन्सिंग करून घ्या. माझ्या गाडीची थरथर त्यानेच गेली होती.

बी-१०३ : बॅलन्सिंग करून घेण्यात तोटा काही नाही, परंतु ताईंनी दिलेले वर्णन चाकांचे वाटत नाही. चाकाचा दोष वेगाशी बांधलेला असतो. तो बहुधा ऐंशीच्या पुढे स्टीअरिंगमध्ये जाणवतो आणि त्या वेगात राहाल तोवर टिकतो. खात्री करायची असेल, तर त्याच वेगाला मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली घ्यावा. आरपीएमचा काटा वर गेला तरी थरथर तशीच राहिली, तर संशय चाके, टायर किंवा ड्राइव्ह शाफ्ट यांच्यावर घ्यावा. गाडी उभी असताना ‘डी’मध्ये ब्रेक दाबून ठेवल्यावर थरथर येत असेल आणि ‘एन’मध्ये टाकताच कमी होत असेल, तर इंजिनाचे माउंटिंग तपासावे.

हलक्या ॲक्सिलरेटरवर, एका ठरावीक वेगाला आणि थोड्याच वेळापुरती येणारी थरथर मात्र टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचकडे बोट दाखवते. कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची शक्ती तेलामार्फत पुढे जाते आणि त्यात काही शक्ती वाया जाते, म्हणून गाडीने स्थिर वेग धरला की आतला एक क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स यांना थेट जोडतो. गिअरबॉक्सचे हे तेल जुने झाले की हा क्लच नीट पकडण्याऐवजी पकड-सोड, पकड-सोड करू लागतो आणि तीच थरथर आपल्याला सीटखाली जाणवते.

याची एक साधी चाचणी आहे. रस्ता मोकळा असताना, मागे कोणतेही वाहन नसल्याची खात्री करून, थरथर सुरू होताच उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवावा आणि डाव्या पायाने ब्रेकला जेमतेम ब्रेकलाइट लागेल इतकाच स्पर्श करावा. ब्रेकचा स्विच लागताच बहुतेक गाड्यांत लॉक-अप, म्हणजे त्या क्लचची थेट जोडणी, सुटते. त्याच क्षणी थरथर थांबली, तर संशय या क्लचवर जातो. डाव्या पायाची सवय नसेल तर हे काम जाणकाराला बसवूनच करावे. आपल्या गेटजवळच्या स्पीडब्रेकरवर मात्र चाचणी घेऊ नये, तिथे प्रत्येकच गाडी थरथरते.

डी-२०१ : काका, माझी एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण गिअर यंत्राने बदलणारी) गाडी पार्किंगच्या चढावर सुटताना थरथरते. तोच दोष असेल का?

बी-१०३ : नाही. एएमटीमध्ये टॉर्क कन्व्हर्टरच नसतो. साध्या गाडीसारखाच कोरडा क्लच असतो, फक्त तो दाबण्याचे काम यंत्र करते. क्लचप्लेट तपासून घ्या आणि चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी धरून ठेवू नका.

ए-४०२ : काका, आज माझ्या भावाने गाडी चालवून ही चाचणी केली. ब्रेकला पाय लागताच काटा साधारण दोनशेने वर गेला आणि थरथर तत्काळ थांबली. म्हणजे दोष क्लचचाच, असे समजायचे का?

बी-१०३ : संशय बळावला, पण निकाल अजून लागलेला नाही. लॉक-अप सुटल्यावर इंजिनावरचा भारही हलका होतो, त्यामुळे एखाद्या सिलिंडरचे मिसफायरही, म्हणजे त्यात इंधन नीट न पेटणेही, त्याच क्षणी लपू शकते. स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल थकली की चढावर अगदी अशीच थरथर येते आणि हजारांचे काम लाखावर जाते ते याच गोंधळामुळे. म्हणून स्कॅनर लावून फेरी मारायला सांगा आणि दोन गोष्टी पाहायला लावा. एक म्हणजे प्रत्येक सिलिंडरची मिसफायर संख्या. दुसरी म्हणजे लॉक-अप लागलेले असताना इंजिन आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (कन्व्हर्टरकडून फिरणारा त्याचा दांडा) यांच्या आरपीएममधील फरक. काही गाड्यांत थोडा फरक मुद्दाम ठेवलेला असतो, परंतु तो स्थिर असायला हवा. थरथरीबरोबर तो वरखाली होत असेल, तर क्लच घसरतो आहे. स्कॅनरवर पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी दोषाचा कोड आला तर आधी इंजिनाकडे वळावे, पी०७४१ आला तर लॉक-अपकडे.

ए-४०२ : मिसफायर शून्य आहे, कोड कोणताही नाही, मात्र आरपीएममधला फरक थरथरीबरोबर हलतो. तेल तपकिरी झाले आहे, जळका वास नाही.

बी-१०३ : मग गिअरबॉक्स उतरवण्याची घाई करू नये, आधी गिअरबॉक्सचे तेल बदलावे. ड्रेन प्लगमधून निम्मे किंवा त्याहूनही कमी तेल निघते आणि बाकीचे कन्व्हर्टरमध्येच राहते, म्हणून मध्ये गाडी चालवून हेच काम दोन-तीनदा करावे लागते. पातळी इंजिन चालू ठेवून, कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच पाहावी. गिअरबॉक्सखालचा तेलाचा पॅन काढलाच तर त्यातील चुंबक स्वतः पाहून घ्या : करड्या रंगाचा मऊ लेप नेहमीचाच असतो, चमकणारे तुकडे मात्र वाईट. तेल गुलाबी आणि दुधट निघाले, तर त्यात रेडिएटरचे कूलंट मिसळले आहे. तशा वेळी गाडी चालवूच नये.

तेल बदलून काही दिवस गाडी चालवल्यावरही थरथर राहिली, तर कन्व्हर्टरचा विचार करावा लागेल. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, पण तो उघडलाच पाहिजे असे नाही. हे दोन खर्च एस्टिमेटमध्ये वेगवेगळे मागून घ्या.

सी-६०५ : काका, तेल बाहेरून आणले तर स्वस्त पडेल का?

बी-१०३ : पडेल, पण गाडीच्या पुस्तिकेत छापलेला ग्रेडच आणावा. सर्व गाड्यांना चालते असे लिहिलेली बाटली नको. घर्षणाचे प्रमाण ठरवणारी रसायने प्रत्येक ग्रेडमध्ये वेगळी असतात आणि चुकीच्या तेलाने धड क्लचही थरथरू लागतो. गॅरेजनेच तेल घातले, तर बिलावर ग्रेड आणि लिटर दोन्ही लिहून घ्या.