मामांना ‘फॅट ओल्ड सन’ कोणतं ऐकवू?

सूरसागर_काठ
मंडळी, ब्रिटिश रॉक बँड पिंक फ्लॉइड म्हटलं की सगळे १९७३ च्या ‘डार्क साइड ऑफ द मून’पासून मोजायला लागतात. माझा जीव त्याआधीच्या एका गाण्यात अडकलाय, ‘फॅट ओल्ड सन’. १९७० चा ‘ॲटम हार्ट मदर’ अल्बम, दुसरी बाजू, तिसरं गाणं. पहिली अख्खी बाजू २३ मिनिटांच्या त्या वाद्यवृंदाच्या रचनेने व्यापलेली, त्यामुळे तबकडी पलटून इथवर येणारे थोडेच.

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात ती मामांनी आणली. तेव्हा ते फाइन आर्ट्सला शिल्पकला शिकत होते. कव्हरवर ना बँडचं नाव, ना अल्बमचं, नुसती एक गाय मागे वळून बघतेय. आजीने विचारलं, “गवळणी आहेत का रे यात?” मामा म्हणाले, “तसंच समज.”

दिवेलागणीला ते माडीवर हे गाणं लावायचे. लांबून चर्चच्या घंटा, मग गिटार, मग बँडचा गिटारवादक डेव्हिड गिलमोरचा तो जपून लावलेला वरचा आवाज. मावळता सूर्य, नुकत्याच कापलेल्या गवताचा वास, एवढंच त्यात आहे. शब्द, चाल त्याचीच; गिटार, बास आणि ड्रमही त्यानेच वाजवले. ऑर्गन तेवढा बँडमधल्याच रिक राइटचा. म्हणूनच तो ठेका असा वाटतो, जणू एकटा माणूस स्वतःशी गाताना मांडीवर ताल धरतोय. शेवटी इलेक्ट्रिक गिटार मोकळी सुटते आणि पुन्हा घंटा. त्या विरेपर्यंत मामा कुणाला बोलू द्यायचे नाहीत.

तबकडी केव्हाच वाकली. मामा आता ७३ वर्षांचे, कानाला यंत्र आहे. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांना, येतायत. मूळ ऐकवू की गिलमोरने २००६ ला पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या गोदीत वाजवलेलं? त्यात गिटार जास्त ठसठशीत येते.

तीव्र_मध्यम
मूळच ऐकवा, दादा. मी गाणं शिकते, सायंकाळचे राग रोज घोटते. मारवा रागात कोमल रिषभ षड्जावर टेकायला तयारच नसतो, दिवस हातातून निसटल्याची हुरहूर लागते. या गाण्यात सूर्य बुडतो तरी काही हरवल्यासारखं वाटत नाही. ही तृप्ती मला त्या २४ वर्षांच्या पोराच्या मूळ आवाजातच सापडते. नंतरच्या मैफलींत त्याला आठवणींचा रंग चढलाय.

जुनी_टेप
ताईंचं मान्य, पण १९७१ चं बीबीसी रेडिओवरचं कुणी ऐकलंय का? तेच गाणं तिथे १५ मिनिटांच्या वर जातं, मधे राइटचा ऑर्गन भरपूर. २०१६ च्या ‘द अर्ली इयर्स’ संचात अधिकृतपणे आलं. स्टुडिओत एकट्याने विणलेलं गाणं चौघांच्या हाती गेल्यावर किती फुलतं, ते तिथे कळतं.

ग्दान्स्कबद्दल एक सांगतो. तिथेही कीबोर्डवर राइटच आहे. १५ सप्टेंबर २००८ ला तो गेला आणि आठवड्याभरात ती मैफल अल्बम म्हणून बाजारात आली. मला ती अजून एका बैठकीत ऐकवत नाही.

पोळीतली_पतंग
‘समर ’६८’ला कुणी विचारत नाही म्हणून त्याची हजेरी लावून जातो. तीच बाजू, याच्या लगेच आधीचं, राइटचं.

श्रवणतज्ज्ञ_अलकापुरी
काका, गाण्याआधी यंत्राकडे बघा. वयानुसार आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, म्हणजे नेमक्या घंटाच. शिवाय यंत्र बोलणं ऐकू यावं म्हणून जुळवलेलं असतं. गाण्याचे लांब सूर ते कधीकधी गोंगाट समजून दाबतं. बऱ्याच यंत्रांत संगीतासाठी वेगळा प्रोग्राम असतो, तो चालू करून घ्या. आवाज वाढवण्यापेक्षा स्पीकर जवळ ठेवा. आणि उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवर हे लावू नका, चारी बाजूंच्या स्पीकरांत काहीच हाती लागणार नाही.

सूरसागर_काठ
श्रवणतज्ज्ञ ताई, तुमचं ऐकलं. दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायणही जाऊ दिली. १६ तारखेला संध्याकाळी गच्चीवर आम्ही दोघंच होतो, तारांवर फाटके पतंग लटकत होते. यंत्र संगीतावर करून घेतलं होतं. मूळ लावलं.

सुरुवातीच्या घंटा त्यांना लागल्या नाहीत. मला विचारलं, “सुरू झालं का?” मी हातानेच खूण केली, हो. मग गिटार आली आणि त्यांचा अंगठा पाटावर पडायला लागला, बरोबर त्या ड्रमवर. शेवटच्या सोलोला डोळे मिटलेले. शेवटच्या घंटाही त्यांना ऐकू आल्या नसणार, पण त्या पूर्ण विरेपर्यंत ते गप्प होते. किती वेळ गप्प राहायचं ते त्यांना पाठ होतं.

मग डोळे न उघडताच म्हणाले, “आता नळ टपकेल बघ.”

पुढचं गाणं सुरू झालं. नळ टपकत होता.